भंडाऱ्याच्या वाटेवर बॅटरी संपली तर

२६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेवर चालणाऱ्या टॅक्सी, रिक्षा आणि बस अशा सुमारे २०० वाहनांचा प्रयोग सुरू झाला. त्यांतील महिंद्राची ई-टू-ओ प्लस एका चार्जमध्ये शंभरेक किलोमीटर धावे. नागपूर ते भंडारा अंतर साठेक किलोमीटर. म्हणजे वैनगंगा गाठणे सोपे, परतणे अवघड! पुढच्याच वर्षी चार्जिंगच्या रांगांबद्दल चालकांच्या तक्रारी सुरू झाल्या.

हा पेच मात्र शतकाहून जुना. १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विजेच्या टॅक्सी धावत होत्या. बॅटरीला हवा दिष्ट प्रवाह (डीसी), आणि सर्वत्र पसरू लागला होता प्रत्यावर्ती (एसी). पीटर कूपर ह्यूइटने १९०२ मध्ये पाऱ्याच्या वाफेवर चालणारा रेक्टिफायर काढला आणि घरच्या विजेवर मोटार चार्ज करणे सुकर झाले. पण पारा भरलेले ते काचेचे नाजूक भांडे रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपर्यंत नेणार कोण? ते गॅरेजातच राहिले.

आज रेक्टिफायर गाडीच्या पोटातच असतो. त्यामुळे फिरता चार्जर म्हणजे मुख्यतः एक जनरेटर आणि चार्जिंगची केबल. तरीही गाडी पुष्कळदा वीज घेत नाही. लहान जनरेटरचा न्यूट्रल अर्थिंगशी जोडलेला नसतो, आणि अर्थिंगची खात्री पटल्याशिवाय केबलवरची पेटी प्रवाह सोडत नाही. ही जोडणी जाणत्या वायरमननेच करावी. इथे धाडस नको. मग तीन किलोवॅटने तासभर वीज दिली, की अशा छोट्या मोटारीला वीसेक किलोमीटर मिळतात. भंडाऱ्याहून निघाल्यास मौदा जवळ येते.