आभासी विश्वातील ओळख व खासगीपणा

संगणकाने उभ्या केलेल्या सामायिक त्रिमित जागेत माणूस कोणत्या नावारूपाने वावरतो आणि त्याची माहिती कोणाच्या हाती राहते, याविषयीचे कायदे व संकेत. तिथल्या रूपाला ‘अवतार’ म्हणतात. हा मूळचा संस्कृत शब्द लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या खेळामुळे आणि नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’ (१९९२) या कादंबरीमुळे संगणकाच्या जगात रुळला.

आरंभीच्या काळात टोपणनावाचा आडोसा बराचसा पुरत असे. ‘सेकंड लाइफ’ या आभासी विश्वात (२००३) तर आडनावही कंपनीने दिलेल्या यादीतून घ्यावे लागे. डोक्यावर चढवायच्या हेडसेटने हा आडोसा काढून घेतला. डोके व दोन्ही हात कुठे आहेत, हे ते यंत्र सेकंदाला अनेक वेळा टिपते. ते टिपल्याशिवाय अवताराचा हात हलतच नाही. त्यामुळे ही माहिती द्यायला नकार देण्याची सोय वापरणाऱ्याला उरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘बीट सेबर’ या खेळाच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंच्या हालचाली तपासल्या. शंभर सेकंदांच्या हालचालींवरून ९४ टक्के, तर अवघ्या दहा सेकंदांवरून ७३ टक्के वेळा नेमका खेळाडू ओळखता आला. गल्लीच्या टोकाशी दिसलेला माणूस आपण चालीवरून ओळखतो, तसेच हे. पण इथे ओळखणारा आपल्या ओळखीचा नसतो. पासवर्ड बदलता येतो, अंगाची लकब बदलता येत नाही.

कायद्याचे लक्ष मात्र अजून नावावर आणि खात्यावर आहे. फेसबुकने आपल्या ऑक्युलस हेडसेटसाठी फेसबुक खाते सक्तीचे केल्याबद्दल जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये चौकशी सुरू केली. २०२२ मध्ये कंपनीने ती अट सोडली. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा जैवमितीय माहितीला विशेष संरक्षण देतो, पण ती व्यक्ती ओळखण्याच्या हेतूने वापरली तरच. खेळ चालवण्यासाठी घेतलेल्या हालचाली या फटीतून निसटू शकतात, आणि हीच खरी उणीव आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी त्यात पालकांची पडताळलेली संमती आवश्यक असून त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. वय तपासायला ओळखपत्र मागितले, तर टोपणनावाचा उरलासुरला आडोसाही जातो.

हालचालींवरून ओळख पटू नये म्हणून उंची, हातांचा पल्ला अशा मोजमापांत मुद्दाम थोडा फेरफार करून मगच ती पुढे पाठवण्याची युक्तीही बर्कलीतल्या संशोधकांनीच मांडली आहे.