भागधारक हजारो, गादी एकाच घराची

विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात मागच्या महिन्यात एका तरुणाने मोबाइल आमच्यापुढे धरला. त्याने एका मोठ्या कंपनीचे पाच शेअर घेतले होते. "आता आपणही मालक," तो हसत म्हणाला. आम्हालाही आनंद झाला. ज्याच्या आजोबांना सावकाराच्या ओसरीवर चढता येत नव्हते, त्याच्या नावावर आज डिमॅट खाते आहे, ही गोष्ट लहान नाही. पण 'मालक' या शब्दापाशी आम्ही अडखळलो. आम्ही विचारले, या कंपनीचा अध्यक्ष कोण? त्याने नाव सांगितले. आधी कोण होता? त्याचे वडील. त्याआधी? आजोबा. पुढे कोण होईल? "मुलगाच होणार ना," तो सहज म्हणाला. या उत्तरात त्याला काही वावगे वाटले नाही, आणि वर्गातल्या इतर कुणालाही वाटले नाही.

जन्माने मिळणाऱ्या अधिकाराविरुद्ध लढणारी आपली चळवळ. तरीही कंपनीच्या दारात आलो की आपण तोच अधिकार नैसर्गिक मानतो. असे का होते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले बाबासाहेब 1917 साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतले. पोटापाण्यासाठी त्यांनी जे उद्योग केले त्यांत एक होता शेअरच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी. सुरुवातीला गिऱ्हाइके आली. मात्र सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच ती येईनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. त्यानंतर नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. बाजार फक्त पैसा ओळखतो, जात ओळखत नाही, असे आजही आपल्याला सांगितले जाते. त्या बाजाराने देशातल्या एका अव्वल अर्थशास्त्रज्ञाचा सल्ला जात पाहून नाकारला होता.

आता एक शब्द आठवा: वतन. महार वतन म्हणजे काय हे आपल्या घराघरांत माहीत आहे. जन्माने मिळालेले काम, पिढ्यान्‌पिढ्या चालणारे, सोडायची सोय नाही आणि मोबदला नाममात्र. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने ही व्यवस्था कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले.

ज्या काळात गावात वतन कायद्याने बांधले जात होते, त्याच काळात मुंबईत दुसऱ्या प्रकारचे वतन तयार होत होते. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली. 1875 मध्ये शेअर दलालांची संघटना स्थापन झाली. तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची सुरुवात. गिरण्या भागभांडवलावर निघत. शेकडो लोक शेअर घेत. कंपनी नावाने सर्वांची असे, पण ती चालवण्याचा अधिकार 'मॅनेजिंग एजंट' नावाच्या पेढीकडे असे. ही पेढी बहुधा एका घराची किंवा नातेवाइकांची. ती कंपनीशी वीस-तीस वर्षांचा, कधी त्याहून लांब करार करी. पेढीचा अधिकार बापाकडून मुलाकडे जाई. भागधारकांनी रागावून सगळे संचालक बदलले, तरी करार कायम राही.

मोबदल्याची तऱ्हा तर पाहण्यासारखी होती. सुरुवातीच्या अनेक गिरण्यांत एजंटाला उत्पादनावर कमिशन मिळे. दर पौंड सुतामागे पाव आणा हा नेहमीचा दर. म्हणजे सूत विकून गिरणीला तोटा झाला, भागधारकांच्या हाती काही पडले नाही, तरी जितके सूत निघाले तितके कमिशन एजंटाच्या घरी पोहोचे. जोखीम सगळ्यांची, हमी एकाच घराला. आम्ही याला वरच्या मजल्यावरचे वतन म्हणतो. खालच्या वतनात जन्माने राबणूक मिळे, वरच्या वतनात जन्माने हुकूमत मिळे.

त्याच गिरण्यांच्या आत आपली माणसे कुठे होती? साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होतो, हे कारण. पगार विणकामात जास्त होता, म्हणून हा विटाळ थेट खिशावर येई. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. एकाच गिरणीत खुर्चीही जन्माने आणि खातेही जन्माने, असा हा कारखाना होता. त्याला आधुनिक म्हणायचे ते फक्त यंत्रांमुळे.

मग भागधारक कोण होते? 1907 मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीसाठी भांडवल उभे राहिले, तेव्हा स्वदेशीच्या लाटेत सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत शेअर उचलले. हा आपल्या औद्योगिक इतिहासातला अभिमानाचा प्रसंग मानला जातो, आणि तो आहेच. पण कंपनी चालवण्याचा अधिकार करारानेच टाटांच्या पेढीकडे राहिला. आठ हजारांनी पैसा दिला, कारभार एका पेढीने केला. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक मोठ्या खाजगी कंपन्यांचा साचा हाच.

कायद्याने हे वतन हळूहळू कापले. 1936 च्या दुरुस्तीने एजन्सीच्या मुदतीला वीस वर्षांची मर्यादा घातली आणि मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला. 1956 च्या कंपनी कायद्याने तो नफ्याच्या दहा टक्क्यांपर्यंत आणला. शेवटी 3 एप्रिल 1970 पासून मॅनेजिंग एजन्सी कायमची बंद झाली. त्याआधी, 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली होती. खालचे वतन आधी गेले, वरचे नंतर. पण वरचे खरेच गेले का?

1965 मध्ये मक्तेदारी चौकशी आयोगाने अहवाल दिला. बँका आणि सरकारी कंपन्या वगळून देशातल्या कंपन्यांच्या एकूण मालमत्तेपैकी 46.9 टक्के मालमत्ता अवघ्या 75 उद्योगसमूहांच्या 1536 कंपन्यांकडे होती. हे समूह बहुतांशी घराणीच होती. एवढे भांडवल त्या घराण्यांच्या खिशातले होते का? मुळीच नाही. यामागचे गणित साधे आहे. समजा एका घराकडे पहिल्या कंपनीचे 51 टक्के शेअर आहेत. पहिलीकडे दुसरीचे 51 टक्के, दुसरीकडे तिसरीचे 51 टक्के. तिसऱ्या कंपनीवर हुकूम त्या घराचाच चालेल. पण तिसरीच्या शंभर रुपयांत त्या घराचे स्वतःचे पैसे भरतात फक्त सव्वातेरा रुपये. बाकीचे पावणेसत्त्याऐंशी रुपये इतरांचे. करार गेला, त्याच्या जागी साखळी आली.

या इतरांमध्ये आपणही आहोत, आणि इथे गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. 1956 मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 245 विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था मिळून एलआयसी तयार झाली. खाजगी मालक विमेदारांचा पैसा स्वतःच्या उद्योगांसाठी वापरतात, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. पण दुसऱ्याच वर्षी, 1957 मध्ये, एलआयसीने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतल्याचे लोकसभेत उघड झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. शिपाई, शिक्षक, सफाई कामगार यांच्या हप्त्यांतून जमलेला पैसा एका माणसाच्या डगमगत्या साम्राज्याला टेकू देण्यासाठी गेला होता.

दुसरा प्रसंग 1983 चा. लंडनचे उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएम या दोन कंपन्यांचे शेअर बाजारातून घेतले. दोन्ही कंपन्यांची घराणी हादरली. कारण या गडबडीत एक उघडे गुपित देशासमोर आले: एस्कॉर्ट्समध्ये नंदा घराण्याचा वाटा छोटा होता आणि निम्म्याहून अधिक शेअर एलआयसीसारख्या सार्वजनिक वित्तसंस्थांकडे होते. एलआयसीने काही संचालकांना हटवण्यासाठी सभा मागितली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर 1985 मध्ये घटनापीठाने निर्णय दिला: इतर कोणत्याही भागधारकाप्रमाणे एलआयसीलाही सभा बोलावण्याचा आणि संचालक बदलण्याचा अधिकार आहे, आणि त्यासाठी कारणे देण्याचे बंधन नाही. कायदा स्पष्ट झाला. तरीही गादी त्याच घराण्यात राहिली. जनतेचा पैसा बहुमतात असूनही जनता मुकी होती, कारण तिच्या वतीने बोलायला बसलेल्यांनी घराण्यांना धक्का लावायचा नाही हे वळण अंगी बाणवले होते.

आता बाबासाहेबांनी काय सुचवले होते ते पाहा. 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी अशी योजना मांडली. आपण ती 'राज्यसमाजवाद' या एका शब्दात उरकतो आणि तिच्यातला बारकावा सोडून देतो. जुन्या मालकांना भरपाई म्हणून कर्जरोखे मिळतील असे त्यांनी म्हटले. हे रोखे विकता येतील, वारसांना देता येतील. पण रोखेधारकाला किंवा त्याच्या वारसाला त्या उद्योगावर पुन्हा हक्क सांगता येणार नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बाबासाहेबांनी वारशाचे दोन तुकडे केले. बापाचा पैसा मुलाला मिळू दे. बापाची हुकूमत मुलाला मिळणार नाही. घराण्याच्या कंपनीला लावायची कसोटी यापेक्षा नेमकी दुसरी नाही.

यावर आक्षेप येतो की घराण्यांनीच उद्योग उभारले, संकटात स्वतःचे पणाला लावले. खरे आहे. 1924 मध्ये पोलाद कंपनी बुडायला आली तेव्हा दोराबजी टाटांनी स्वतःची मालमत्ता गहाण ठेवली. त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण त्याच 1924 मध्ये कायदेमंडळाने पोलाद उद्योगाला जकातीचे संरक्षण दिले आणि त्याचा भार लोखंड विकत घेणाऱ्या प्रत्येक माणसावर पडला. कंपनी वाचवणाऱ्यांत दोराबजी होते, तसे नांगराचा फाळ घेणारा शेतकरीही होता. पहिल्याचे नाव राहिले, दुसऱ्याचे कुठेच नोंदले गेले नाही. शिवाय कर्तबगारी रक्तातून उतरत असती तर चातुर्वर्ण्यही बरोबर ठरले असते. माणसाचे काम त्याची क्षमता पाहून नव्हे तर जन्म पाहून ठरते, हाच तर जातीवरचा आपला आक्षेप आहे. तो गावकुसापाशी खरा आणि संचालक मंडळापाशी खोटा कसा होईल?

आणि संचालक मंडळे खरोखर कशी दिसतात? 2012 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांची मंडळे तपासली होती. सुमारे 93 टक्के सदस्य तथाकथित उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून 3.5 टक्के. घर आपल्या माणसाला बसवते, तो माणूस आपल्या ओळखीच्या माणसाला बसवतो आणि ओळख जातीच्या कुंपणाबाहेर फारशी जात नाही. कुठेही पाटी लावावी लागत नाही.

आम्ही शेअर घेऊ नका असे म्हणत नाही. घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. 'प्रवर्तक' आणि 'सार्वजनिक' हे दोन रकाने वाचायला शिका. 2010 च्या नियमांनुसार सूचीबद्ध कंपनीत किमान 25 टक्के वाटा जनतेकडे असावा लागतो. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मते लागतात, म्हणजे चौथाईहून थोडा जास्त विरोध झाला तर तो पडतो. प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा असेल, तर त्याला मंजुरी देताना संबंधितांना मत देता येत नाही. तिथे तुमचे मत मोजले जाते. मतदान आता घरबसल्या ऑनलाइन होते. एसआयपी भरत असाल, तर तुमच्या म्युच्युअल फंडाने कुठे कसे मत दिले हे त्याला जाहीर करावे लागते. ते वाचा आणि विचारा. एलआयसी आणि भविष्यनिर्वाह निधीचा पैसा कुणाच्या बाजूने मत देतो, हा प्रश्न कामगार संघटनांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी विचारला पाहिजे. राखीव जागांसाठी आपण जेवढे लढतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी ताकद तरी इथे लागू द्या.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले की पाच शेअर म्हणजे पाच मते. पुढच्या महिन्यात त्याच्या कंपनीची वार्षिक सभा आहे. नोटिशीत मालकाच्या मुलाला पूर्णवेळ संचालक नेमण्याचा ठराव आहे. ठराव मंजूर होणार हे आम्हालाही ठाऊक आहे. अभ्यासवर्गात आम्ही ती नोटीस सगळ्यांसमोर वाचली आणि मुलाची पात्रता म्हणून काय लिहिले आहे ते शोधले. त्यानंतर त्या तरुणाने काय ठरवले, हे आम्ही विचारले नाही. मत त्याचे आहे. पण या वेळी 'मुलगाच होणार ना' असे तो म्हणाला नाही.

जय भीम.