नऊ पेनींचं जंगल

नऊ पेनींत एका मुलाचा एक दिवस. त्यात जाण्यायेण्याचं भाडं आलं, जेवण आलं आणि दिवसभराची झाडी आली. १८९२ साली सिरिल आर्थर पिअर्सन या लंडनच्या वृत्तपत्रवाल्याने ‘फ्रेश एअर फंड’ काढला आणि वाचकांपुढे हा दर ठेवला. २०० मुलांची अख्खी सहल, सोबतच्या मोठ्या माणसांसकट, ८ पौंड २ शिलिंगांत. हिशेब इतका सुटसुटीत, की बेताच्या पगाराच्या कारकुनालाही वाटावं, एका पोराला लंडनजवळचं एपिंगचं जंगल आपणही दाखवू शकतो. ‘इतक्या रुपयांत एका मुलाचं अमुक’ ही मागणी आज कुठल्याही संस्थेच्या पत्रकात दिसते. पिअर्सनला ती नेमकी जमली होती.

कल्पना मात्र त्याची नव्हती. झुरिकचे पाद्री वाल्टर बिओन यांनी १८७६ मध्येच गरीब वस्तीतली मुलं अपेन्झेलच्या डोंगरांत नेली होती. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या शेर्मन या छोट्या गावच्या विलर्ड पार्सन्स या पाद्र्यांनी आपल्या मंडळीला विचारलं, न्यूयॉर्कची मुलं थोडे दिवस घरी ठेवून घ्याल का? मुलं टेनेमेंटमधली, म्हणजे तिथल्या चाळींतली होती. आपल्या चाळीला निदान व्हरांडा असतो. त्या इमारतींतल्या आतल्या खोल्यांना कित्येकदा खिडकीही नसे. लोकांनी मुलं ठेवून घेतली, तीही फुकट. त्यामुळे उरला तो मुख्यतः रेल्वेभाड्याचा प्रश्न. काही वर्षांत ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ने हे काम अंगावर घेतलं आणि पैसे वाचकांकडून येऊ लागले. गाडीत बसवताना मुलांच्या कपड्यांवर चिठ्ठी टाचलेली असे. स्टेशनावर उतरलेल्या पोराने कोणाकडे जायचं, हे त्या चिठ्ठीवरून कळे.

या पैशाने विकत घेतली जात होती ती हवा. शिक्षण हा शब्द तिथे नव्हता. क्षयाचं भय होतं आणि स्वच्छ हवा हेच औषध मानलं जाई. युरोपातल्या अशा सुट्टीच्या वसाहतींत मुलांचं जाताना वजन करत आणि परतल्यावर पुन्हा करत. देणगीदाराला वाढलेलं वजन दाखवता येत असे. दान देणाऱ्याला हिशेब लागतो आणि काट्यावर दिसेल तेवढंच हिशेबात धरलं जातं, ही खोड तेव्हापासूनची.

काट्यापलीकडचं पाहिलं हेन्रिएटा बार्नेट यांनी. नवऱ्यासोबत लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये राहून त्या १८७७ पासून वस्तीतली मुलं खेड्यात पाठवत होत्या. १८८४ मध्ये त्यातून ‘चिल्ड्रन्स कंट्री हॉलिडेज फंड’ उभा राहिला. परतलेल्या मुलांना त्या प्रश्न घालत: काय पाहिलंस, कोणतं झाड, कोणता पक्षी? उत्तरं गोळा करून त्यांनी त्यावर लेखही लिहिला. मला या सहलींच्या सगळ्या वंशावळीत हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. एरवी मुलाचं वजन किती वाढलं एवढंच पाहिलं जाई.

असा दुसरा क्षण अमेरिकेतला, आणि जरा गमतीचा. ‘लाइफ’ हे तेव्हा विनोदी साप्ताहिक होतं (छायाचित्रांचं ‘लाइफ’ पुढचं). त्यानेही १८८७ मध्ये असाच फंड काढून शिबिरं सुरू केली. १९२५ मध्ये तिथे लॉइड शार्प आले. शेकडो मुलं, शिट्टीवर जेवण, शिट्टीवर झोप ही लष्करी रीत त्यांनी मोडली. छोटे गट केले, तंबू दिले, स्वयंपाक मुलांवरच सोपवला. जे थेट अनुभवाने बाहेर शिकता येतं ते बाहेरच शिकवा, असा त्यांचा धोशा होता. ‘आउटडोअर एज्युकेशन’ हे नाव रुळवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९४५ मध्ये मिशिगनने शाळांना शिबिरं चालवायची कायद्याने मुभा दिली. १९४६ मध्ये सॅन डिएगोची सहावीची मुलं कुयामाकाच्या डोंगरात राहायला गेली. गरिबांसाठी निघालेली गोष्ट आता वर्गातल्या सगळ्यांची होऊ लागली आणि पैसा देणगीच्या पेटीऐवजी शाळेच्या अंदाजपत्रकातून येऊ लागला.

अंदाजपत्रकाला कात्री लागली की पहिली जाते ती सहल. मग आईबापांकडे हात पसरायचे. इंग्लंडच्या १९८८ च्या शिक्षण कायद्याने यावर विचित्र तोड काढली: शाळेच्या वेळेतल्या सहलीला फी लावायची नाही, ‘ऐच्छिक वर्गणी’ मागायची, आणि न देणाऱ्याच्या मुलाला वगळायचं नाही. पुरेसे पैसे जमले नाहीत तर सहलच रद्द. मुक्कामाच्या जेवणाखाण्याचे पैसे घेता येत, पण सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांना तेही माफ. म्हणजे नादारीच. नादारी आम्हाला नवी नाही. आमच्या वर्गात सहलीच्या आदल्या दिवशी चार-पाच जणांच्या पोटात हमखास दुखायचं. सर विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर जास्त दुखलं असतं.

ऑरेगनमध्ये ‘आउटडोअर स्कूल’ची परंपरा जुनी, पोर्टलंड भागात सहावीची मुलं १९६० च्या दशकापासून आठवडाभर जंगलात राहायला जात. पुढे पैशाअभावी आठवड्याचे तीन दिवस झाले, काही ठिकाणी तेही गेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या मतदारांनी ९९ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला: राज्याच्या लॉटरीतल्या उत्पन्नाचे ४ टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २ कोटी २० लाख डॉलर, पाचवी किंवा सहावीतल्या प्रत्येक मुलाच्या या शाळेसाठी. पहिल्या दोन वर्षांसाठी विधिमंडळाने प्रत्यक्षात दिले मिळून २ कोटी ४० लाख. आणि लॉटरीची तिकिटं कोण घेतं, हे आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या लॉटरीवाल्याला विचारा. गरिबाच्या पोराची सहल गरिबाच्याच खिशातून, असं कुणी म्हटलं तर मला पटकन उत्तर देता येणार नाही. तरी या पैशासाठी आईबापांना अर्ज करावा लागत नाही, दाखला द्यावा लागत नाही. सगळ्यांनाच न्यायचं, तर गरीब कोण हे विचारायचं कारणच उरत नाही.

त्या शिबिरांत मुलांच्या गळ्यात फांदीची आडवी कापलेली चकती असते, दोरीत ओवलेली. तिच्यावर मुलाचं नाव असतं.