लोकसंगीत-श्रवण : सातारा व सांगली

लोकसंगीत-श्रवण : पारंपरिक संगीत ऐकताना त्याचा ठेका, धरलेला सूर, वाद्यांचा नाद, आवाजाची जात, म्हणणारा आणि झेलणारा यांचे नाते, आणि ज्या प्रसंगी ते वाजते तो प्रसंग ही अंगे कानाने वेगवेगळी ओळखणे. सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत या अभ्यासाची चांगली सोय आहे. माण, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातले धनगरांचे गजी ढोल, वाळव्याकडची तमाशाची ढोलकी, भेदिक शाहिरांचा डफ, गोंधळ्याचे संबळ, लोणंद-फलटणच्या वाटेवरचे टाळ-मृदंग आणि मिरजेचा तंबोरा एका दिवसाच्या एसटी प्रवासाच्या टापूत येतात. इथे कान तयार झाला, तर दूरदेशीचे अनोळखी संगीतही तितके परके राहत नाही.

शिकलेला मराठी श्रोता गाणे सुरू झाले की पहिला प्रश्न विचारतो तो रागाचा. बैठकीत ही सवय ठीक आहे; जत्रेत ती आड येते. धनगरी ओवी अनेकदा चार-पाच सुरांतच फिरते, आणि त्या सुरांना रागाचे नाव चिकटवून ओवीबद्दल काहीच कळत नाही. लोकसंगीताची ओळख पटते ती ठेक्यावरून आणि ओळ कोण उचलते यावरून. सुरावट त्यानंतर ऐकावी.

सर्वांत आधी वाजते ते काय, हे ओळखावे. भरताच्या नाट्यशास्त्रातली तत, सुषिर, अवनद्ध आणि घन ही वाद्यांची चार भागांतली वाटणी त्यासाठी अजूनही पुरेशी आहे : तार, फुंक, कातडे आणि धातू-लाकूड. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी १९१४ साली जगातल्या वाद्यांचे जे वर्गीकरण केले, त्याच्यामागे ब्रुसेल्सच्या माइयों यांची मांडणी होती आणि माइयों यांनी हीच भारतीय वाटणी आधाराला घेतली होती. म्हणजे जावा किंवा घानाचे वाद्य ऐकताना आपल्याला नवे कोष्टक शोधावे लागत नाही.

कातड्याच्या वाद्यांत या भागाची ओळख म्हणजे हलगी. उथळ कडे, त्यावर ताणलेले कातडे, एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. टिपरूचा ठोका ठेका सांगतो. काडी त्याच्या मधल्या जागा कडकडाटाने भरते. नवख्या कानाला दोन माणसे वाजवताहेत असे वाटते. वादक मध्येच बाजूला जाऊन पाचोळा पेटवून हलगी शेकतो, कारण दमट हवेत कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. शेकल्यावर तो चढतो आणि कोरडा होतो. हा चढलेला, टोकदार आवाजच हलगीचा प्राण. जोडीला घुमके खर्ज देते आणि कैताळ धातूची किनार लावते. कुस्तीच्या मैदानात हा ताफा ऐकावा. पैलवान नुसते खडाखडी करत असतील तोवर ठेका संथ असतो. पकड बसली की वादक लय चढवतात आणि डाव निकालात निघेपर्यंत ती उतरू देत नाहीत. लय कशामुळे बदलली हे इथे डोळ्यांना दिसते, म्हणून लय ऐकायला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. आता बाजारात फायबरची हलगी मिळते. ती शेकावी लागत नाही, पावसात बसत नाही, आणि दुकानातून आणल्या दिवशी जशी वाजते तशीच कायम वाजते. वादकाची सोय झाली. शेकल्यानंतरच्या पहिल्या ठोक्याची गंमत मात्र गेली.

गजी ढोलाची तऱ्हा उलटी आहे. सांगलीच्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ तालुक्यांत आणि साताऱ्याच्या माणात धनगर गळ्यात मोठे ढोल अडकवून झांजांच्या साथीने गजीनृत्य करतात. फेटे बांधलेले गडी रुमाल उडवत गोल फिरतात. इथे चढ्या, कोरड्या आवाजाला महत्त्व नाही. खर्ज पोटात जाणवला पाहिजे. ठेका फार वेळ संथ राहतो, पायही त्याच संथपणाने पडतात, आणि लय वाढते ती ढोल्यांच्या इशाऱ्यावर. फक्त ढोल ऐकणाऱ्याने एक लक्षात ठेवावे : झांजा दुर्लक्षित करू नयेत. ढोलाचे ठोके गुंतागुंतीचे झाले तरी झांज आपला माग सोडत नाही. घानातल्या एवे लोकांच्या संगीतात लोखंडी दुहेरी घंटा हेच काम करते. तिचा ठरलेला आकृतिबंध सारखा चालू असतो आणि ढोल त्याच्या आधाराने वाट्टेल तिकडे जाऊन परत येतात. जावाच्या गामेलानात सर्वांत मोठी गाँग आवर्तन संपल्याची खूण देते. अशा संगीतात हरवल्यासारखे वाटले की धातूचे वाद्य शोधावे. बहुधा माग तिथेच सापडतो.

बिरोबाच्या आरेवाडीला किंवा सिद्धनाथाच्या खरसुंडी आणि म्हसवडला धनगरी ओव्या ऐकायला मिळतात. ओवी सुंबरानाने, म्हणजे देवाच्या स्मरणाने उघडते. पुढे गायलेला भाग आणि बोलून सांगितलेला भाग आळीपाळीने येतात. म्हणणारा ओळ टाकतो, बाकीचे ती उचलून शेवट लांबवतात. ऐकताना गाणे कुठे थांबते आणि सांगणे कुठे सुरू होते ती जागा धरावी; कथेचा वेग गाण्यात कमी आणि सांगण्यात जास्त असतो. जर्मन अभ्यासक ग्युंटर सोंथायमर यांनी धनगरांच्या देवांवर १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला तो या मौखिक परंपरेच्या आधाराने. जात्यावरची ओवी याहून निराळी. तिला वाद्य नाही. खुंट्याची फेरी हाच ताल आणि दळणारीचा दम हीच ओळीची लांबी. जाते थांबले की तिची लयही गेली, म्हणून खुर्चीवर बसून म्हणवून घेतलेल्या ओवीत शब्द राहतात, चाल अर्धी राहते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

तमाशाच्या बाबतीत हे दोन जिल्हे श्रीमंत आहेत. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, आणि काळू-बाळूंचा फड सांगलीजवळच्या कवलापूरचा. ढोलकी-फडाच्या तमाशात ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज आणि कडे इतकीच सामग्री असते. ढोलकीच्या शाईच्या लहान तोंडाचा सूर गाणाऱ्याच्या सुराशी मिळवलेला असतो. मोठ्या तोंडाला आतून लेप असल्याने त्यातून घुमारा निघतो. या दोन तोंडांतला संवाद कानाने वेगळा करता आला की लावणीचा अर्धा खेळ कळला. संगीत बारीत पेटी आणि तबला येतात, त्यामुळे तिचा पोत मऊ होतो. डोळे मिटूनही फड आणि बारी ओळखता येतात.

तमाशात आणि पोवाड्यात ज्याच्याकडे श्रोत्याचे लक्ष सर्वांत कमी जाते तो म्हणजे मागे उभा राहिलेला तुणतुणेवाला. लाकडी नळकांडे, तळाला कातडे, बांबूची दांडी आणि एक तार. ही एकच तार आधार-षड्जही धरते आणि बोटाच्या छेडीने ठेकाही. बहुतेक वेळा हाच झीलकरी असतो. शाहिराने ओळ सोडली की तो ती वरच्या सप्तकात उचलतो आणि ताणतो. झील ही शोभा नव्हे. शाहिराला दम घ्यायला मिळतो, लांब बसलेल्याला ओळीचा शेवट ऐकू जातो, आणि पुढचा चौक नेमका कुठून सुरू होणार हे ढोलकीला कळते. कर्णे नसलेल्या काळात हजार माणसांपुढे गाणाऱ्याचा आवाज उंच आणि खडा का असायचा, याचेही उत्तर यातच आहे. अशा आवाजाला ‘कर्कश’ म्हणणारा दिवाणखान्याचे माप मैदानाला लावतो. कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन पक्षांच्या भेदिक, म्हणजे सवाल-जवाबाच्या, सामन्यात तर झील, डफ आणि सवाल यांचाच खेळ असतो. चाल जवळजवळ ठरलेली, कस लागतो तो उत्तराचा. पोवाड्याची परंपरा रंगमंचावर नेणारे शाहीर साबळे (१९२३–२०१५) वाई तालुक्यातल्या पसरणीचे.

बैठकीच्या लावणीत मात्र सगळे उलटे होते. या लावणीच्या गायिका, वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली वयाच्या शंभरीपलीकडे त्यांचे निधन झाले. या प्रकारात गाणारी बसून एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणते आणि दर वेळी तिचा अर्थ वेगळ्या शब्दावर टेकवते. इथे ठेका पाठीमागे सरतो आणि सुरांची वळणे पुढे येतात. पिलू, खमाज, काफीची छाया सहज दिसते. रागाचा प्रश्न विचारायचाच तर तो इथे विचारावा.

फुंकेच्या वाद्यांत सनई आणि तुतारी. तुतारीला छिद्रे नाहीत, त्यामुळे तिच्यातून फक्त नळीचे स्वाभाविक स्वर निघतात. म्हणून ती गात नाही, पुकारते. सनईच्या जोडीला एक वादक नुसता सूर धरून बसतो आणि गाल फुगवून नाकाने श्वास घेत तो तुटू देत नाही. उघड्यावर मोठ्या आवाजाचे जिभलीचे वाद्य आणि ढोल ही जोडी तुर्कस्तानच्या झुर्ना-दावूलपासून लग्नातल्या सनई-चौघड्यापर्यंत पसरलेली आहे. गोंधळात संबळ असते : एकमेकांना बांधलेली दोन वाद्ये, एक उंच, एक खर्जातले, दोन्ही काड्यांनी वाजणारी. खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या हातात दिमडी आणि मुरळीच्या हातात घाटी. साताऱ्यात पालीच्या खंडोबाला हा नाद ऐकून ठेवावा. पुढे दिमडी आणि डफ यांत कान गोंधळत नाही.

ज्ञानेश्वरांच्या पालखीचे पहिले उभे रिंगण लोणंद आणि तरडगाव यांच्यामध्ये चांदोबाच्या लिंबाशी होते. तिथे शेकडो टाळ एकाच वेळी वाजतात, आणि तरीही मृदंग ऐकू येतो. कारण टाळांचा आवाज वरच्या पट्टीत पसरतो आणि मृदंगाचा डग्गा खालची जागा घेतो. दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. सगळे एकच चाल म्हणतात, पण कोणीही तंतोतंत एकत्र म्हणत नाही, कोणी किंचित मागे, कोणी पुढे. या सैलपणामुळेच आवाज जाड होतो. जॉर्जियातल्या कोरसमध्ये तीन आवाज तीन वेगळ्या चालींनी जातात; दिंडीत चाल एक आणि कंठ हजार. दोन्हींना सामूहिक गायन म्हणतात, पण कानाला फरक चटकन कळतो.

धरलेल्या सुराचा सर्वांत सूक्ष्म नमुना मिरजेत आहे. एकोणिसाव्या शतकापासून इथे तंबोरे आणि सतारी बनतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. घोडी आणि तार यांमध्ये सरकवलेल्या दोऱ्याने जवारी उघडते, आणि एका तारेतून मूळ सुराबरोबर वरचे अनेक स्वर झिणझिणू लागतात. तंबोरा आणि तुणतुणे यांचे काम एकच, फक्त एक शांत खोलीसाठी घडले आहे आणि दुसरे गर्दीसाठी.

याच भागात कानाने ऐकलेले मोजून काढण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर आणि साताऱ्यात न्यायाधीश असलेले इ. क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले. देवल यांचे पुस्तक १९१० साली आणि क्लेमंट्स यांचे १९१३ साली निघाले, दोन्ही इंग्रजीत. मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या गळ्याची या कामात मदत झाली. श्रुती दाखवणारी पेटी १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली, पण संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांना ती पटली नाही. हे काम मोलाचे आहे, पण त्याने मोजला तो फक्त सुरांचा उंच-नीचपणा. सातारच्या बाजारात शेकून चढवलेल्या हलगीला, झीलकऱ्याच्या ताणाला किंवा जवारीच्या झिणझिणाटाला त्या पेटीत जागा नव्हती. संगीत-अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी पुढे आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशी संगीताची वर्गवारी सांगितली, ती याहून अधिक उपयोगी. कारण तिच्यात संगीत कोणासाठी आणि कशासाठी हा प्रश्न आधी येतो.

सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ पासून या भागातले लोकसंगीत प्रसारित करत आले आहे, आणि ते अभ्यासाला उपयोगाचे आहे. मोबाइलच्या चित्रफितीवर मात्र विसंबू नये; लहान स्पीकरमध्ये घुमके आणि गजी ढोल यांचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो आणि उरलेला आवाज सगळीकडे सारखाच वाटतो. बावधनचे बगाड रंगपंचमीला, मांढरदेवीची जत्रा पौष पौर्णिमेला आणि शिखर शिंगणापूरची यात्रा चैत्रात असते. जाणाऱ्याने वादकांच्या जवळ उभे राहावे, वाद्याला ते काय नाव देतात ते विचारावे आणि गावाच्या नावासह लिहून ठेवावे.