ग्रह दिसलाच नाही, मग सापडला कसा? सूर्यमालेबाहेरचे ग्रह मुलांना असे शिकवता येतील

'दुसरी पृथ्वी सापडली!' अशी एखादी पोस्ट दर काही महिन्यांनी फिरते. सोबत निळेशार समुद्र आणि पांढरे ढग असलेला एक देखणा ग्रह असतो. मुलं तो 'फोटो' बघतात, पुढे पाठवतात आणि वर्गात विचारतात, "सर, तिथे माणसं राहतात का?"

पण तो फोटो नसतोच. शास्त्रज्ञांना मिळालेल्या आकड्यांवरून चित्रकारानं केलेली ती कल्पना असते.

नासाच्या यादीतल्या सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांची संख्या सप्टेंबर २०२५ मध्ये ६ हजारांवर गेली. त्यातल्या अगदी मोजक्या ग्रहांची थेट छायाचित्रं घेता आली आहेत आणि त्यातही ग्रह म्हणजे एक ठिपकाच दिसतो. बाकीचे ग्रह कुणी पाहिलेले नाहीत, ते पुराव्यांवरून सिद्ध झालेले आहेत.

म्हणूनच हा विषय शिकवताना ग्रहांची नावं आणि अंतरं पाठ करून घेण्यात फारसा अर्थ नाही. मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवायचा आहे, तो म्हणजे 'कशावरून?'

बाह्यग्रह म्हणजे नेमकं काय?

सूर्याभोवती न फिरता दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाला बाह्यग्रह म्हणतात.

इथे मुलांचा एक घोटाळा हमखास होतो. शाळेच्या पुस्तकात गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांना 'बहिर्ग्रह' म्हटलेलं असतं. ते आपल्याच सूर्यमालेतले, लघुग्रहांच्या पट्ट्यापलीकडचे ग्रह आहेत. बाह्यग्रहांचा पत्ताच वेगळा. हा फरक पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर लिहिलेला बरा.

अंतराची कल्पनाही सुरुवातीलाच द्यावी. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी. तो ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्याच्याभोवती एक ग्रह असल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं जात आहे. त्या वेगानं प्रॉक्झिमापर्यंत जायला ७० हजारांहून अधिक वर्षं लागतील.

हे ग्रह दिसत का नाहीत?

'सूर्यापुढे काजवा' असं आपण म्हणतो, तशीच ही अवस्था आहे. ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. दुरून कुणी आपली सूर्यमाला पाहिली, तर साध्या प्रकाशात पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे हजार कोटी पटींनी मंद दिसेल. शिवाय ती सूर्याला जवळजवळ चिकटलेली भासेल.

त्यामुळे शास्त्रज्ञ ग्रहापेक्षा ताऱ्यावर जास्त लक्ष ठेवतात. ग्रह असेल, तर ताऱ्याच्या वागण्यात त्याच्या खुणा उमटतात. यातल्या दोन खुणा शाळेतल्या मुलांना सहज समजू शकतात.

पहिली खूण: डुलणारा तारा

मोठी ताई आणि छोटी बहीण फुगडी घालतायत असं समजा. छोटी मोठ्या वर्तुळात गरगर फिरते. पण ताईही एका जागी स्थिर राहत नाही, तिचे पायही छोट्याशा वर्तुळात फिरतातच. तारा आणि ग्रह यांचं असंच असतं. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो, तेव्हा ग्रहाच्या ओढीनं ताराही किंचित डुलतो.

तारा आपल्याकडे येत असेल, तर त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा किंचित निळ्या बाजूला सरकतात. तो दूर जात असेल, तर त्या तांबड्या बाजूला सरकतात. जवळ येणाऱ्या आणि मग लांब जाणाऱ्या रेल्वेचा भोंगा बदलत जातो, तसाच हा प्रकार आहे.

मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी याच पद्धतीनं फ्रान्समधल्या वेधशाळेतून '५१ पेगासी' या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला. ऑक्टोबर १९९५ मध्ये तो जाहीर झाला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह. त्याआधी १९९२ मध्ये एका मृत ताऱ्याभोवती, म्हणजे पल्सारभोवती, ग्रह सापडले होते. मेयर आणि केलो यांना २०१९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मुलांना यातली एक गंमत जरूर सांगावी. गुरूच्या ओढीनं सूर्य सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर वेगानं डुलतो. पृथ्वीमुळे त्याला मिळणारा वेग सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटर आहे, म्हणजे मुंगीपेक्षा थोडा जास्त. पृथ्वीसारखा ग्रह शोधणं एवढं अवघड का आहे, ते या दोन आकड्यांतून कळतं.

दुसरी खूण: मंदावणारा प्रकाश

६ जून २०१२ च्या सकाळी भारतात अनेकांनी सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका पाहिला होता. ते शुक्राचं अधिक्रमण होतं. दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला, तर आपल्याला ठिपका दिसत नाही. पण ताऱ्याचा प्रकाश काही तास थोडासा कमी होतो. ठरावीक दिवसांनी तो पुन्हा तेवढाच कमी झाला, तर ग्रहाचा संशय बळावतो.

प्रकाश किती कमी होईल, हे सोप्या गणितानं काढता येतं. ग्रहाचा व्यास भागिले ताऱ्याचा व्यास, आणि येईल त्या उत्तराचा वर्ग.

गुरूचा व्यास सूर्याच्या साधारण एक दशांश आहे. त्यामुळे गुरू आडवा आला, तर सूर्याचा प्रकाश एक टक्क्यानं कमी दिसेल. पृथ्वीचा व्यास सूर्याच्या १०९ व्या भागाएवढा आहे. १०९ चा वर्ग ११,८८१. म्हणजे बारा हजार दिव्यांच्या रोषणाईतला एक दिवा विझला, तर जेवढा फरक पडेल, तेवढाच.

नासाच्या केप्लर दुर्बिणीनं २००९ ते २०१८ या काळात याच पद्धतीनं २,६०० हून अधिक ग्रह शोधले. २०१८ पासून 'टेस' ही दुर्बीण हे काम करत आहे.

पण ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असेल, तरच अधिक्रमण दिसतं. पृथ्वी-सूर्यासारख्या जोडीबाबत ही शक्यता २०० मध्ये एक एवढीच आहे. म्हणजे प्रकाश मंदावला नाही, यावरून तिथे ग्रहच नाही असं म्हणता येत नाही.

वर्गात हे कसं दाखवायचं?

यासाठी दुर्बीण लागत नाही. एलईडी बल्ब, दोरा, मातीचे किंवा थर्माकोलचे गोळे आणि एक अँड्रॉइड फोन पुरेसा आहे. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत अॅप फोनमधल्या प्रकाश सेन्सरचे आकडे आलेखात दाखवतं. आयफोनवर मात्र या अॅपला प्रकाशाचे आकडे मिळत नाहीत.

• खोलीत अंधार करा. बल्बचा पांढरा घुमट समोर येईल असा फोन एक-दीड मीटरवर उभा ठेवा. प्रकाश सेन्सर सहसा समोरच्या कॅमेऱ्याजवळ असतो.
• बल्ब ६ सेंटिमीटर रुंद असेल, तर २ सेंटिमीटरचा गोळा दोऱ्याला बांधून बल्बच्या अगदी जवळून, समोरून सरकवा.
• आलेखात खड्डा दिसेल. गणितानुसार प्रकाश एक नवमांश, म्हणजे सुमारे ११ टक्के कमी व्हायला हवा.
• आता १ सेंटिमीटरचा गोळा घ्या. खड्डा किती खोल होईल, याचा अंदाज आधी वहीत लिहायला सांगा.
• शेवटी एका मुलानं मुलांच्या नकळत गोळा निवडावा. बाकीच्यांनी फक्त आलेख पाहून त्याचा आकार सांगावा.

उत्तर नेमकं ११ टक्के येणार नाही. बल्बचा प्रकाश सगळीकडे सारखा नसतो आणि भिंतींवरूनही उजेड परततो. गोळा फोनच्या जवळ नेला, तर खड्डा उगाचच मोठा दिसतो. त्यामुळे प्रयोग फसला असं मात्र समजू नये. खऱ्या ताऱ्यांवरही डाग असतात आणि दोन तारे एकमेकांना झाकूनही ग्रहाचा भास निर्माण करतात. खरा संकेत आणि गोंधळ वेगळा काढणं हाच शास्त्रज्ञांच्या कामाचा मोठा भाग आहे.

दहावीचं गणित इथे कामी येतं

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात केप्लरचे नियम आहेत. परीक्षेपुरता पाठ केलेला तिसरा नियम इथे खरोखर वापरता येतो.

५१ पेगासीचा ग्रह ४.२३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. तारा सूर्याएवढाच धरला, काळ वर्षांत मोजला आणि अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत मोजलं, तर काळाचा वर्ग बरोबर अंतराचा घन. उत्तर येतं सुमारे ०.०५. म्हणजे हा ग्रह त्याच्या ताऱ्यापासून जेमतेम ७६ लाख किलोमीटरवर आहे. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर असतो. गुरूच्या जवळपास निम्म्या वस्तुमानाचा ग्रह ताऱ्याच्या एवढा जवळ असेल, याची १९९५ मध्ये फारशी कुणी अपेक्षा केली नव्हती.

दोन्ही खुणा एकत्र आल्या, तर आणखी माहिती मिळते. अधिक्रमणावरून ग्रहाचा आकार कळतो आणि ताऱ्याच्या डुलण्यावरून वस्तुमान. याचं भारतीय उदाहरण आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी माउंट अबूच्या दुर्बिणीवरचं 'पारस' हे उपकरण वापरून २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाचं वस्तुमान मोजलं. ते पृथ्वीच्या सुमारे २७ पट आहे, तर त्रिज्या सुमारे ६ पट.

आता मुलांना विचारा, हा ग्रह दगडाचा असेल का? त्रिज्या ६ पट, म्हणजे आकारमान २१६ पट. पण वस्तुमान २७ पटच. म्हणजे घनता पृथ्वीच्या एक अष्टमांश, पाण्यापेक्षाही कमी. त्यामुळे पृथ्वीसारखा निव्वळ दगडाचा गोळा तो असूच शकत नाही, त्यात वायूंचा वाटा मोठा असणार.

चुकलेल्या ग्रहाची गोष्ट

विज्ञानात दावे कसे तपासले जातात, हे शिकवायला बर्नार्डच्या ताऱ्याइतकं चांगलं उदाहरण नाही. सहा प्रकाशवर्षांवरच्या या ताऱ्याभोवती गुरूपेक्षा मोठा ग्रह असल्याचा दावा अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी १९६३ मध्ये केला. त्यामागे अनेक दशकांची छायाचित्रं होती.

१९७३ मध्ये दुसऱ्या वेधशाळांतल्या छायाचित्रांत असं काही आढळलं नाही. मग लक्षात आलं, की व्हॅन डी कॅम्प यांच्या दुर्बिणीत बाकीचे तारेही त्याच सुमारास 'डुलत' होते. दुर्बिणीच्या भिंगाच्या चौकटीत झालेल्या बदलांचा तो परिणाम होता.

गोष्ट इथेच संपत नाही. २०२४ मध्ये जास्त अचूक उपकरणांनी याच ताऱ्याभोवती एक छोटा ग्रह खरोखर सापडला आणि २०२५ मध्ये ही संख्या चारवर गेली. पण व्हॅन डी कॅम्प यांनी सांगितलेला ग्रह त्यात नाही.

'दुसरी पृथ्वी' म्हणण्याआधी

पोस्टमध्ये बहुतेक वेळा 'वासयोग्य पट्टा' हा शब्द असतो. ताऱ्यापासून ज्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकतं, तो हा पट्टा. पण राहू शकतं याचा अर्थ तिथे पाणी आहे असा नाही.

शुक्राचा व्यास पृथ्वीच्या ९५ टक्के आणि वस्तुमान ८१ टक्के आहे. शेकडो प्रकाशवर्षांवरून कुणी नुसता आकार आणि वस्तुमान मोजलं, तर शुक्र पृथ्वीची जुळी बहीणच वाटेल. प्रत्यक्षात तिथलं तापमान ४६० अंश सेल्सियसच्या वर आहे.

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या चमूनं के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडसारख्या वायूचा संकेत मिळाल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात. जगभर 'परग्रहावर जीवसृष्टी' अशा बातम्या झाल्या.

पण असा संकेत निव्वळ योगायोगानं मिळण्याची शक्यता ०.३ टक्के होती. शोध मान्य व्हायला याहून कितीतरी कडक निकष लागतो. याच माहितीचं पुन्हा विश्लेषण करणाऱ्या इतर शास्त्रज्ञांना पुरावा कमकुवत वाटला. शिवाय हाच वायू एका धूमकेतूवरही आढळला आहे आणि तिथे जीवसृष्टी नाही. ही बातमी आणि तिच्यावरचे आक्षेप शेजारी ठेवून वाचायला दिले, तर तो एक उत्तम तास होऊ शकतो.

विद्यार्थीही यात काही करू शकतात?

हो. 'प्लॅनेट हंटर्स टेस' या मोफत उपक्रमात टेस दुर्बिणीचे खरे आलेख बघून त्यातले खड्डे कुणालाही नोंदवता येतात. २०१९ मध्ये नासाच्या एका केंद्रात उन्हाळी प्रशिक्षणाला आलेल्या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याला तिसऱ्याच दिवशी अशा एका आलेखात वेगळं काहीतरी दिसलं. तो दोन ताऱ्यांभोवती फिरणारा ग्रह निघाला.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं देशोदेशींच्या लोकांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह यांना नाव द्यायला सांगितलं. भारताच्या वाट्याला 'एचडी ८६०८१' हा तारा आला. वैश्विक किरणांवर संशोधन करणाऱ्या बिभा चौधरी यांच्यावरून ताऱ्याचं नाव 'बिभा' ठरलं. ग्रहाचं नाव ठरलं 'सांतमस', म्हणजे झाकोळलेला. ते पुण्यातल्या एका शाळकरी मुलानं सुचवलं होतं.

बिभा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या जागेवरून छोट्या दुर्बिणीतून तो दिसू शकतो. सांतमस मात्र दिसणार नाही. तो तिथे आहे आणि दोन दिवसांहून थोड्या अधिक वेळात बिभाभोवती एक फेरी मारतो, हे बिभाच्या डुलण्यावरून कळलं आहे. आकाशदर्शनाच्या रात्री मुलांना हा तारा दाखवता आला, तर ग्रह कुठे आहे हे त्यांना सांगू नका. तो आहे कशावरून, हे त्यांनाच सांगू द्या.