नॅन्सी ड्रू : एकाच नावाची दोन पुस्तके

१/८
बालपणी वाचलेली रहस्यकथा प्रौढपणी पुन्हा उघडली, की चोर कोण हे आधीच ठाऊक असते. मग लक्ष जाते ते कथेतील माणसांकडे आणि तिच्या काळाकडे. नॅन्सी ड्रूच्या बाबतीत मात्र त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो : हातातील प्रत कोणत्या आवृत्तीची?

२/८
अमेरिकेतील एडवर्ड स्ट्रेटमायर यांनी बालसाहित्याचा जणू कारखानाच उभारला होता. कथानकाचा आराखडा त्यांचा, लेखन पडद्याआडच्या लेखकाचे आणि मुखपृष्ठावर टोपणनाव. १९२७ मध्ये 'हार्डी बॉइज' आणि एप्रिल १९३० मध्ये नॅन्सी ड्रू याच पद्धतीने अवतरली.

३/८
नॅन्सीची लेखिका म्हणून 'कॅरोलिन कीन' हे नाव छापले जाई. अशी कोणी व्यक्ती नव्हतीच. पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ लिहिली मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी. पहिल्या पुस्तकाचा मोबदला १२५ डॉलर. पुस्तकावरील हक्क मात्र शून्य.

४/८
१९३० ची नॅन्सी १६ वर्षांची आहे. स्वतःची मोटार चालवते, मोठ्यांना ठणकावून उत्तर देते, कोणाच्या परवानगीवाचून तपासाला निघते. महामंदीच्या काळातील मुलींना अशी नायिका विलक्षण भावली.

५/८
त्याच पहिल्या पुस्तकात, 'द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक'मध्ये, जेफ टकर नावाचा कृष्णवर्णीय रखवालदार आहे. चोरांनी त्याला कोंडून ठेवले आहे. तो मद्यपी आणि हास्यास्पद रंगवला असून त्याच्या तोंडी मुद्दाम मोडकीतोडकी भाषा घातली आहे. लहान वाचक हे पान हसत उलटतो. प्रौढ वाचक तेथे थबकतो.

६/८
१९५९ पासून स्ट्रेटमायर यांच्या कन्या हॅरिएट ॲडम्स यांच्या देखरेखीखाली जुनी पुस्तके नव्याने लिहिली गेली. २५ प्रकरणांची २० झाली, नॅन्सी १८ वर्षांची झाली, वंशभेदी चित्रणे वगळली गेली. पुस्तकांची नावे मात्र तीच राहिली.

७/८
नव्या आवृत्तीत जेफ टकर गोरा आहे. अपमान पुसला गेला, पण त्याबरोबर कृष्णवर्णीय माणूसही कथेतून नाहीसा झाला. त्याला सन्मानाने रंगवण्याचा तिसरा मार्ग कोणी निवडला नाही. नॅन्सीही अधिक सौम्य आणि आज्ञाधारक झाली.

८/८
१९८० मध्ये प्रकाशकांच्या वादात बेन्सन यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात साक्ष दिली आणि त्यांचे कर्तृत्व सर्वांसमोर आले. १९९१ पासून मूळ आवृत्त्याही पुन्हा छापल्या जाऊ लागल्या. त्यामुळे आज दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. मुलांच्या हाती काय द्यावे, हे १९३० मध्ये कोणाला खटकले नाही आणि १९५९ मध्ये का खटकले, याचा पुरावा या दोन प्रतींमध्ये आहे. सुरुवात जेफ टकरच्या प्रसंगापासून करावी.