माळावरचं शीड

जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशी बरोबर होती. (विदर्भातली, वर्ध्याजवळची आर्वी वेगळी. ही नारायणगावच्या अंगाची.) झाडांच्या वर ती प्रचंड पांढरी डिश दिसली आणि मावशी म्हणाली, "अगं बाई, केवढी ही परात!"

सुमारे तीस मीटर व्यासाच्या त्या यंत्राला याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. कागदोपत्री त्याला 'अँटेना' म्हणतात, वर्तमानपत्रं 'तबकडी' लिहितात, आणि केबल टीव्हीचे दिवस आले तेव्हा गच्चीवरच्या त्याच्या पिल्लांना गल्लोगल्ली 'छत्री' म्हणायचे. मावशीची परात मात्र थेट पिठाच्या डब्याशेजारून उठून माळावर आली. आता परात हा शब्द पोर्तुगिजांच्या 'प्रातो'वरून आला असं मानतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली वाटणारी ही बाई मुळात गलबतातून उतरलेली. तबकडीतलं 'तबक' अरबी. खुद्द 'डिश'चं मूळ ग्रीकांच्या 'डिस्कॉस'मध्ये, मैदानात फेकायच्या थाळीत. त्या एका थाळीपासून इंग्रजीत डिश, डिस्क आणि डेस्क अशी तीन भावंडं झाली. डिश अँटेनाकडे आली, डिस्क संगणकात गेली आणि डेस्कवर बसून आपण या दोघींची बिलं भरतो.

आर्वीचं केंद्र 1971 साली सुरू झालं. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहामार्फत परदेशांशी टेलिफोन आणि टेलेक्सचा धागा जोडणारं हे भारतातलं पहिलं व्यापारी उपग्रह केंद्र. विक्रम साराभाईंच्या नावावरून ते 'विक्रम अर्थ स्टेशन' झालं. विक्रम म्हणजे मूळ अर्थाने पाऊल टाकणं, ढांग. वामनाने तीन ढांगांत त्रिभुवन व्यापलं म्हणून तो त्रिविक्रम. आणि 1945 साली आर्थर क्लार्कने मांडलेलं गणित असं की भूस्थिर कक्षेत नेमक्या जागी तीन उपग्रह ठेवले की ध्रुवांजवळचा भाग सोडून सगळी पृथ्वी टप्प्यात येते. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे नव्हतं, त्यांना आपला माणूस आठवायचा होता. पण नाव चपखल बसलं. गंमत 'अर्थ'ची. इंग्रजीतली 'पृथ्वी' देवनागरीत लिहिली की तिचा 'अर्थ' होतो. घरातल्या 'अर्थिंग'मध्ये तो आपल्याला खटकत नाही, पण पाटीवर 'अर्थ स्टेशन' वाचणाऱ्या एखाद्याला इथे अर्थाची गाडी थांबते असं वाटलं, तर त्याची काय चूक?

आता मुख्य शब्दाकडे. अँटेना. लॅटिनमध्ये 'अँटेन्ना' म्हणजे जहाजाच्या डोलकाठीवरचा तो आडवा वासा, ज्याला शीड बांधतात. मग तो किड्याच्या डोक्यावर कसा गेला? पंधराव्या शतकात थिओडोरस गाझा नावाचा ग्रीक पंडित ॲरिस्टॉटलचे प्राण्यांवरचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणत होता. कीटकांच्या मिशांसाठी ॲरिस्टॉटलने 'केराइआ' हा शब्द वापरला होता. त्याचा अर्थ शिंग, आणि शिडाचा वासासुद्धा. गाझाने दुसऱ्या अर्थाचा हात धरला. तेव्हापासून झुरळाच्या डोक्यावर जहाजाचे वासे उभे आहेत. मराठी जीवशास्त्राने मात्र पहिला अर्थ उचलला आणि 'शृंगिका' म्हटलं, म्हणजे लहानसं शिंग. ॲरिस्टॉटलला हेच आवडलं असतं. पुढे इटालियन भाषेत अँटेन्ना म्हणजे कुठलाही उंच खांब, तंबूचा मधला खांबसुद्धा. मार्कोनी आपल्या बिनतारी प्रयोगांसाठी तारा उंच खांबांवर टांगत असे. हळूहळू खांबाचं नाव तारेला लागलं, तारेचं सांगाड्याला, सांगाड्याचं परातीला. आपल्याकडच्या परिभाषाकारांनी 'आकाशक' असा एक देखणा शब्द सुचवला होता. तो इंग्रजीच्या 'एरियल'च्या, म्हणजे हवेच्या वाटेने गेला. रेडिओच्या काळात चाळींतून 'एरियल' रुळलं, 'आकाशक' विश्वकोशात राहिलं.

वर्तुळ पुरं होतं ते डिशच्या मधोमध. परावर्तित लहरी जिथे गोळा होतात तिथे 'फीड हॉर्न' असतो, कर्ण्यासारखा पसरट. हॉर्न म्हणजे शिंग. ग्रीक 'केरास', लॅटिन 'कोर्नू', इंग्रजी 'हॉर्न' आणि संस्कृत 'शृंग' ही सगळी एकाच मुळाची. गाझाने जे शिंग टाकून वासा घेतला, ते शिंग पाचशे वर्षांनी वाशाच्या पोटात परत आलं.

या शिंगाची एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे बेल प्रयोगशाळेने 1959 साली 'एको' उपग्रहासाठी एक अवाढव्य हॉर्न अँटेना बांधला. 1964 च्या सुमारास पेंझियस आणि विल्सन त्याच्याशी झटत होते, कारण कुठेही तोंड फिरवा, एक मंद कुरकुर जाईना. आत कबुतरांनी संसार थाटला होता. त्यांची शीट खरवडून काढली, कबुतरं हाकलली, तरी कुरकुर तशीच. ती विश्वाच्या जन्मानंतरची उरलेली ऊब होती, आणि 1978 चं नोबेल. डिशची निगा राखणारा माणूस पक्ष्यांच्या घरट्यांना शिव्या घालतो तेव्हा मला ही जोडगोळी आठवते. त्या कुरकुरीला इंग्रजीत 'नॉइज' म्हणतात, आणि बहुतेक कोशकार तो शब्द लॅटिनच्या 'नॉसिया'पर्यंत नेतात: जहाज हलताना पोटात ढवळतं ते. नॉसियात ग्रीक 'नाउस' आहे, म्हणजे नाव. तीच आपली संस्कृत 'नौ', नौकेतली आणि नावाड्यातली.

पुन्हा जहाज. समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या यंत्राला हा खारा वास कसा? जुन्नरकर यावर फारसा चकित होणार नाही. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून त्याच्याच गावी येत होता. शब्दांनी तीच वाट धरली म्हणायचं.

परातीचा आकार 'पॅराबोला'चा. इथे मात्र आपल्या परिभाषाकारांना नमस्कार करावा असा शब्द आहे: 'अन्वस्त'. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो सरकारी खात्यातला कोरडा शब्द वाटला होता. मग फोड कळली. ग्रीक 'पॅराबोले' म्हणजे 'शेजारी टाकणं': पारा म्हणजे बाजूला, बाल्लेन म्हणजे फेकणं. अपोलोनियस या भूमितीकाराने एका क्षेत्रफळाला दुसरं लावून बघण्यावरून शांकव वक्रांना ही नावं दिली: नेमकं बसलं तर पॅराबोला, जास्त झालं तर हायपरबोला, उणं पडलं तर एलिप्स. आता संस्कृतात 'अस्' हा एक धातू आहे, फेकणे या अर्थाचा. 'अस्त्र' म्हणजे फेकायचं हत्यार. त्याचंच भूतकाळवाचक 'अस्त', फेकलेलं. (सूर्य मावळतो तो अस्त निराळा.) अनु अधिक अस्त, अन्वस्त: जवळून, लागून टाकलेलं. ग्रीक शब्दाचं हाड न् हाड संस्कृतात बसवलंय. हायपरबोलासाठी 'अपास्त' आहे, आणि तिथे माझी किरकोळ तक्रार आहे. 'हायपर'ला 'अति' हवा होता. 'अप' म्हणजे दूर, त्यामुळे अपास्त हा टाकून दिल्यासारखा वाटतो. पण 'अत्यस्त' उच्चारून बघा, मग समितीची दया येईल.

आणि हे दोघे आर्वीसारख्या डिशमध्ये समोरासमोर उभे असतात. मोठी परात अन्वस्ताकार, तिच्यासमोर टांगलेला छोटा परावर्तक अपास्ताकार. या रचनेला कॅसेग्रेन म्हणतात, सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच पाद्र्याच्या नावावरून. लहरी एकाने फेकायच्या, दुसऱ्याने परत फेकायच्या. 'अस्' धातूचं कुटुंब केवढं पसरलंय पाहा: न्यास, विन्यास, निरास, अगदी अभ्याससुद्धा, पुन्हा पुन्हा टाकत राहणं. बाल्लेनच्या घरातून बॅलिस्टिक, सिंबॉल आणि प्रॉब्लेम आले.

अँटेना बसवताना मात्र असले शब्द कुणी काढत नाही. तिथे पहिला शब्द गवंड्याचा: ओळंबा. डिश ज्या उभ्या आसाभोवती गरगर फिरते तो आस काटेकोर ओळंब्यात हवा. पायाचं काँक्रीट पाणसळीत नसेल तर वर कितीही महाग यंत्रणा चढवा, उपग्रह शोधताना ती चुकतच राहणार. चुकायला जागा थोडी असते: तीस मीटरच्या डिशची नजर चार गिगाहर्ट्झवर एका अंशाच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या भागाएवढी, पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी. ओळंबा हा संस्कृत 'अवलंब'चा मराठी नातू. 'अवलंबून' म्हणताना आपण खरोखर दोरीला लोंबत असतो.

वर पॅनेल चढवायला माणसं लागतात आणि त्यांचं जुनं हुद्द्याचं नाव आहे 'खलाशी'. रेल्वेच्या कारखान्यांत, धरणांवर, पुलांवर अवजड वस्तू दोर आणि कप्पीने हलवणारा मजूर कागदोपत्री खलाशीच असायचा, मग त्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला असो वा नसो. अरबी 'खलास'शी त्याचं नातं सांगतात, सुटका या अर्थाच्या. इंग्रजीत याच कामाला 'रिगर' म्हणतात. तोही मुळात शिडांचे दोर बांधणारा. म्हणजे शिडाचा वासा चढवायला दोन्ही भाषांनी दर्यावर्दीच बोलावले.

डिश फिरते दोन अंगांनी, आणि इथे मराठीने बाजी मारली आहे असं माझं मत. क्षितिजाच्या कडेने फिरणं ते 'अझिमथ', वर उचलणं ते 'एलिव्हेशन'. अझिमथ अरबी 'अस्-सुमूत'वरून आला. 'सम्त' म्हणजे वाट, दिशा. 'सम्त अर्-रास', डोक्याची वाट, ही लॅटिन नकलनविसांच्या हाती पडली. 'म'चे तीन दांडे कुणीतरी 'नि' असे वाचले आणि 'झेनिथ' जन्माला आला. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ एका हस्ताक्षराची चूक रोज उच्चारतात. त्यातला 'रास' म्हणजे डोकं, रईसातला. झेनिथच्या उलट टोकाचा 'नादिर' हा अरबी 'नझीर', म्हणजे समोरचा, जोडीचा. ज्याला जोड नाही तो 'बेनझीर'. आपल्याकडे हे सगळं स्वच्छ आहे: दिगंश, उन्नतांश, खमध्य. 'दिगंश' उच्चारला की काय मोजायचं ते कळतं. तरी कंट्रोल रूममध्ये कुणी दिगंश म्हणत नाही, कारण पडद्यावर 'एझेड' आणि 'ईएल' अशी अक्षरं असतात आणि बोट तिथे जातं. शब्द चांगला असून भागत नाही, तो बटणावर असावा लागतो.

डोक्याच्या वाटेवरच यंत्राची पंचाईत होते. भूस्थिर उपग्रह जागेवर असल्यासारखा. डिशला फक्त थोडं डुलावं लागतं. पण हैदराबादजवळ शादनगरला दूरसंवेदन उपग्रहांचे फोटो उतरवतात, ते उपग्रह खालून धावणारे. असा एखादा बरोबर खमध्यातून गेला, तर डिशला क्षणात पाठ फिरवून दुसरीकडे तोंड करावं लागतं. एवढ्या वजनाला ते झेपत नाही. म्हणून अशा अँटेनांना तिसरा, तिरका आस देतात.

उपग्रह हा शब्द इंग्रजीपेक्षा सरस. केप्लरने 1611 साली गुरूच्या चंद्रांना 'सॅटेलीस' म्हटलं, म्हणजे मालकाच्या मागेपुढे करणारे हुजरे. आपल्या ज्योतिषात उपग्रह आधीच होते: गुलिक वगैरे न दिसणारे, केवळ गणिताने ठरणारे बिंदू. आणि ग्रह म्हणजे धरणारा, ग्रहणातला, ग्राहकातला. वर्षातून दोनदा, आपल्या अक्षांशावर मार्चच्या मध्याआधी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या गोंगाटात सिग्नल काही मिनिटं बुडतो. तंत्रज्ञ याला 'सन आउटेज' म्हणून वेळापत्रकात लिहून ठेवतात. नवग्रहांत सूर्यही ग्रह. तेव्हा ग्रहाने उपग्रहाला धरलं, हे पंचांगकर्त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

आर्वीपासून जवळच खोडदला आणि त्याच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. त्या कुणाशी बोलत नाहीत, फक्त ऐकतात. तरी लोक त्यांना 'दुर्बीण' म्हणतात; फारसीत दूर-बीन, लांबचं बघणारी. ऐकणाऱ्या यंत्राला बघणाऱ्याचं नाव, पण कुणाचं अडलेलं नाही.

वाऱ्याची वर्दी आली की मोठी डिश आकाशाकडे तोंड करून, परात ओट्यावर ठेवावी तशी उताणी करतात आणि जाडजूड पिना घालून जखडतात. याला 'स्टो' करणं म्हणतात, जहाजात माल रचून बांधतात तो स्टो. मराठीत मला एकच शब्द सुचतो: नांगरणं. बंदरातला नांगर फारसी 'लंगर'चा, शेतातला संस्कृत 'लांगल'चा; दोन निराळ्या घरचे शब्द मराठीत येऊन एका चेहऱ्याचे झाले. वळवाच्या दिवसांत आर्वीच्या माळावर दोन्ही कामं एकाच दुपारी चालतात. कुंपणाच्या आत पिना बसतात, बाहेर कुणीतरी ढग बघत उरलेलं तास पुरं करत असतं.